अडतीसचा ऑफसेट

नाही, पण मला एक सांगा, आखूड स्प्रिंगा टाकून गाडी जरा खाली घेतली यात हसण्यासारखं काय आहे? शेजारचे मास्तर येता-जाता चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काय हो, पंक्चर का?" पंक्चर! अहो मास्तर, चारही चाकं एकाच मापात पंक्चर होतात का? चाळीस मिलिमीटर खाली, मोजून चाळीस, चारी बाजूंना! पण ज्याला मिलिमीटर कळत नाही त्याला काय सांगणार... आणि तुम्हाला सांगतो, सगळा खेळ मिलिमीटरचा आहे!

आता छोटी गाडी खाली घेतली की जुनी चाकं कशी दिसतात? मोठ्या भावाची विजार घातलेल्या धाकट्याच्या पायांसारखी, आत कुठेतरी हरवलेली. म्हणजे नवी चाकं आली, आणि नवी चाकं म्हटली की ऑफसेट आला. ऑफसेट म्हणजे काय, तर चाक आत किती बसणार नि बाहेर किती येणार. आकडा मोठा, चाक आत. आकडा लहान, चाक बाहेर. फार आत गेलं तर शॉकअॅब्सॉर्बरला घासणार, फार बाहेर आलं तर मडगार्ड टायर सोलून काढणार! आणि तो टायरवाला मला म्हणतो, "साहेब, पस्तीस घ्या, सगळे पस्तीसच नेतात." सगळे नेतात म्हणून मी न्यायचं? म्हटलं, अडतीस! तर म्हणतो, "तीन मिलिमीटरनं काय फरक पडतो?" काय फरक पडतो?... वर म्हणतो, "टायर दोनशे पाच रुंदीचा टाका, भरदार दिसतो." म्हटलं, एकशे पंच्याऐंशी, पंचावन्न, पंधरा, बोलू नका! अहो, जुन्या चाकाच्या उंचीत नि नव्याच्या उंचीत फरक किती, तर दोन मिलिमीटर. तीन रविवार हिशेब केलाय मी त्याचा, जेवताना ताटाशेजारी वही घेऊन.

बायको म्हणाली, "लग्नात माझ्या अंगठीचं माप तीनदा चुकलं होतं तुमचं." आता ही काय वेळ आहे का ती अंगठी काढायची? मग तिनं अटच घातली. "रविवारी सगळे माझ्या ताईकडे जाऊ. वाटेत एकदा जरी खर्र झालं ना, तर सोमवारी जुनी चाकं, जुन्या स्प्रिंगा!" म्हटलं, मंजूर! कारण सगळा खेळ मिलिमीटरचा आहे आणि मिलिमीटर माझ्या खिशात!

शनिवारी काय केलं ऐका. टायरवाले रिकामी गाडी मोजतात. मी म्हटलं, भरून मोजायची! बायकोला बसवलं स्टिअरिंगवर, आई पुढे, दोन्ही मुली मागे, गाडी फुल्ल! धाकटीची खेळायची माती मडगार्डच्या आतल्या कडेला थापली, आणि मी खाली, जमिनीवर गाल टेकून. "पूर्ण डावीकडे वळव! आता उजवीकडे! हं, सगळ्यांनी उड्या मारा!" आई म्हणते, "अरे, या वयात मला काय उड्या मारायला लावतोस?" पण मारल्या तिनं, बसल्या बसल्या! माती काढून बघितली, तर दबून किती उरली होती? तीन मिलिमीटर! चारही चाकांना तीन! म्हणजे पस्तीस घेतलं असतं तर किती उरलं असतं? शून्य! मी ती माती अख्ख्या गल्लीला दाखवली. मास्तरांना दोनदा.

रविवारी निघालो. मी स्टिअरिंगवर, आई शेजारी, बायको मुलींबरोबर मागे. छाती अशी ताठ! पहिला स्पीडब्रेकर आला आणि... खर्रर्र!

"थांबवा," बायको म्हणाली.

माझ्या बाजूचं पुढचं चाक. असं कसं? भरून मोजली होती हो! मग बायको चालवायला बसली, आई मागे, मी आईच्या जागी. खर्रर्र! आता डावं चाक. मग आईला पुढे बसवून मी मागे, मधोमध. खर्र आणि खर्र, मागची दोन्ही! जिथे मी, तिथे खर्र! शेवटी आई म्हणाली, "अरे, तू जरा उतर बघू." उतरलो. गाडी गेली, वळली, परत आली, त्याच स्पीडब्रेकरवरून चार वेळा. चकार शब्द नाही!

थोरलीनं खिडकीतून डोकं काढलं. "बाबा, शनिवारी सगळे आत होतो... तुम्ही खाली होतात ना!"

चौऱ्याण्णव किलो. मापातच धरले नव्हते. मोजणारा मीच, मग मला मोजणार कोण? अगदी मनापासून वाईट वाटलं हो. म्हटलं, "ठीक आहे, सोमवारी काढतो चाकं."

बायको गाडीतून उतरली. दोन पावलं मागे गेली, मान तिरकी करून गाडी न्याहाळली. आणि म्हणाली, "काढायची कशाला? काय देखणी दिसतेय! तुमचं माप अगदी बरोबर आहे. तुम्ही बसनं या."

गेली हो! काय वळली म्हणून सांगू, चाक मडगार्डशी असं जुळलेलं की मधून कागद जाणार नाही! आता सगळीकडे तीच नेते. परवा मी बसच्या रांगेत, समोरून ती गाडी घेऊन गेली, तर एकानं विचारलं, "कुणाची हो ती गाडी?" म्हटलं, "माझी! अडतीसचा ऑफसेट, स्वतः मोजून बसवलाय!" तो म्हणाला, "मग तुम्ही इथे?"

म्हटलं, "माझ्याशिवायच बसते हो ती मापात."