राच दुआच्या फाटकाचे कुलूप

मी, हुइन्ह व्हान थोआ, वय ७१ वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, हल्ली काम कालव्याच्या पाणफाटकाची राखण, राहणार राच दुआ वस्ती, बेन त्रे प्रांत, आज ठाण्यात आपणहून हजर होऊन जबाब देतो तो असा की,

वर उचललेल्या फाटकाच्या साखळीला सरकारी कुलूप असते. किल्ली वस्तीच्या पाणी समितीचे प्रमुख फाम व्हान सांग यांच्याकडे असते. पाणी चाखणे माझ्याकडे असते. अकरा वर्षे मी ओंजळीत घेऊन चाखतो. खारट लागले की सांग यांना कळवतो, ते येऊन कुलूप काढतात, मी फाटक खाली पाडतो, म्हणजे खारे पाणी आत शिरत नाही.

लाम थी दिएप, वय २६, माझी तिसरीतली विद्यार्थिनी. कान थो शहरात शिकून परत आली आणि आईच्या बदकांच्या खुराड्यात तिने कंपनी काढली. खारेपणा मोजणारे डबे ती कालव्यात तळाशी सोडते. मी चिडवायचो, "तुझ्या डब्याला कविता येते का गं?" ती म्हणायची, "नाही गुरुजी. पण तो पान खात नाही, म्हणून त्याची जीभ शाबूत आहे."

दिनांक ११ मार्च रोजी दुपारी २.२० वाजता ती धावत आली. "गुरुजी, लिटरला चार ग्रॅम मीठ. फाटक पाडा." मी चाखले. पाणी गोड होते. तसे मी तिला सांगितले.

ती म्हणाली, "खारं पाणी जड असतं, गुरुजी. ते खालून येतं."

मी दारूची रिकामी बाटली बांबूला बांधली, बुचाला दोरी लावली, तळाशी नेऊन बूच ओढले. वर काढून प्यायलो. समुद्र होता. वरून आमची नदी खाली चालली होती आणि तिच्याच पोटाखालून समुद्र वर चढत होता, ना लाट, ना आवाज. मुलांना नदीची कविता शिकवताना मी इतकी वर्षे वरचेच पाणी शिकवले. मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. दिएपने दंड धरून हलवले.

फाटकाच्या आत बेचाळीस घरांचे भात निसवत होते, अशा वेळी खारे पाणी लागले की लोंब्या पोचट राहतात. सांग हे साखरपुड्याला गेले होते. दिएपने चार फोन लावले, उचलले नाहीत. मी तिच्या घरची नारळ सोलायची पहार मागितली. ती म्हणाली, "सरकारी कुलूप आहे, गुरुजी. डबे लावायची परवानगी जाईल माझी."

"मग तू तिकडे तोंड कर," मी म्हणालो. तिने केले. मी तीन घाव घातले. कुलूप मी तोडले. पहार तिच्या घरची म्हणून कुलूप तोडल्याच्या तक्रारीत तिचे नाव आले आहे, ते चूक आहे.

फाटक २.५५ वाजता पडले. तिने फोनवर दोन आकडे दाखवले. बाहेर पाच, आत शेतांजवळ शून्यावर थोडेसे. मध्ये एक गंजलेला पत्रा. तिच्या त्या डब्यांवर कारवाई करू नये. माझ्यावर करावी.

जबाब मला वाचून दाखवला, सांगितला तसा आहे. एकच दुरुस्ती. वर "पाणी गोड होते" असे आले आहे, तिथे "वरचे पाणी गोड होते" असे करावे.