आबांच्या मोटारीचा लाल दिवा

हसू नका बायांनो, पण सासरी मला खरा धीर दिला तो आबांच्या मोटारीच्या मागच्या लाल दिव्यानं. ब्रेक दाबला की तो लागतो, एवढं मला ठाऊक होतं. लग्नानंतर मला पालमला नांदायला पोचवून आबा जिंतूरला परत निघाले, तेव्हा तो दिवा पार वळणापर्यंत लागलेलाच होता. मला वाटलं, वडलांचा पाय निघत नाही. मग जेव्हा जेव्हा रडू आलं, तेव्हा तो दिवा आठवून मी गिळलं.

परवा आबा भेटायला आले. मोटार बंद करून उतरले, तरी दिवा जळतच.

"जावईबापू, लग्नाच्या आधीपासून हे असंच हाय. बॅटरी खलास व्हायलीय."

आमचे हे लगेच मोटारीखाली शिरले. "ब्रेकची स्प्रिंग तुटलीय, मामा. बसवतो दुसरी. मग दाबला तरच लागंल."

निघताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी दारात उभी राहिले. वळणापर्यंत दिवा एकदाही लागला नाही.

हे खुशीत म्हणाले, "बघितलंस? झाला की नाही दुरुस्त?"

"झाला," मी म्हणाले. "लय चांगला झाला."