एकशे अठरा

मॅडम : काकांच्या नाडीचे ठोके एकशे अठरा. हे तूच लिहिलंस ना, सकाळी सहा वाजता?

विद्यार्थिनी : मीच.

काका : अहो, मला आज घरी सोडणार होतात. त्या आकड्यापायी सकाळपासून दोनदा ईसीजी काढला. घरी बायको रडकुंडीला आलीये.

मॅडम : काका, तुम्ही ठणठणीत आहात. मी आत्ता मोजले, बहात्तर आहेत. जेवून घरी जा. हिने अंगठ्याने मोजले.

काका : अंगठ्याने काय बिघडतं?

मॅडम : अंगठ्यालाही नाडी असते. हिने स्वतःचीच मोजली. पहिल्या वर्षात शिकवतो आम्ही हे, आणि ही शेवटच्या वर्षाला. हा घे कागद. ‘माझ्याकडून निष्काळजीपणा झाला’ असं लिही आणि सही कर. नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही.

विद्यार्थिनी : चूक झाली, असं लिहिते. काका, माझ्यामुळे तुमच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागला, माफ करा. पण निष्काळजीपणा नाही लिहिणार.

मॅडम : मग काय लिहिणार?

विद्यार्थिनी : परवा रात्री ड्यूटी, काल सकाळी चाचणी, काल रात्री परत ड्यूटी. दोन दिवसांत झोप तीन तास आणि कॉफी अकरा कप. हे लिहिणार.

मॅडम : आम्हीही असंच शिकलो. काही बिघडलं नाही.

विद्यार्थिनी : बिघडलेलं कुणी लिहून ठेवलं नसेल.

मॅडम : जीभ फार चालायला लागलीये तुझी.

विद्यार्थिनी : कॉफीवर चालतेय. झोपू द्या, गप्प बसेन.

काका : डॉक्टरबाई, लहान तोंडी मोठा घास घेतो. तीस वर्षं बस चालवली मी. आठ तास झाले की साहेब स्वतः येऊन खाली उतरवायचे, मी नाही म्हटलं तरी. मागे पन्नास माणसं असायची ना. ह्या पोरीला कोण उतरवतं? उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी.

मॅडम : काका, तुम्ही आराम करा. तू, हात दे इकडे.

(मॅडम तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवतात आणि घड्याळ बघतात. पूर्ण एक मिनिट.)

विद्यार्थिनी : किती?

मॅडम : एकशे वीस.

विद्यार्थिनी : हेही लिहिते.

मॅडम : लिही. पण कागद वर गेला, तर परीक्षेचं माझ्या हातात राहणार नाही.

विद्यार्थिनी : माहितीये. मॅडम, खाली तुमचीही सही लागेल. नाडी तुम्ही मोजलीत.

मॅडम : ...पेन दे.