कामाची क्षमता

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर घोटा सुजलेल्या शिक्षिकेचा नंबर नववा होता. शेजारच्या बाकावर एक वयस्क शिंपी आणि त्यांची मुलगी फॉर्म भरत बसले होते.

"बाबा, 'कामाची क्षमता' विचारलंय. 'आहे' लिहिते."

"कशाची आहे?"

"शिवणाची. कारखान्यातलं तुमचं मशीन परत हवंय ना? 'नाही' लिहिलं तर त्यावर उद्या दुसरा बसेल."

"आणि 'आहे' लिहिलं तर उद्या मला बसवतील. हात लुळा पडल्यावर शिवलेला पहिला सदरा आठवतोय ना?"

"दोन्ही बाह्या डाव्या."

"जावईबापूंनी मुकाट्याने घातला, म्हणून अब्रू वाचली."

"मग 'नाही' लिहू?"

"नाही कसं? कापड अजून नजरेनं बेततो मी. शिवायला हात तेवढा मागे राहतो."

"एका शब्दात सांगा. रकाना बोटभर आहे."

"मग रकान्याबाहेर जा. लिही, बेतण्याची आहे, शिवण्याची येतेय."

"क्षमता येतेय? असं कुणी लिहितं का?"

"सायकल शिकताना तू गल्लीभर सांगत होतीस, मला येते म्हणून. उतरवायला मात्र मी लागायचो."

"बरं, लिहिते."

अशा उत्तराचे गुण शिक्षिकेने एरवी कापले असते. मुलीने फॉर्म नोंदणीच्या खिडकीत दिला. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला.

"काका, येतेय म्हणजे कधीपर्यंत?"

"काल दोन काजं झाली, बाई. सदऱ्याला सात लागतात."