बरणीतले मासे

रक्त तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक, तापाने फणफणलेल्या मुलीला कडेवर घेतलेली आई. दुसरी, डासांच्या फवारणीच्या कामावरची मावशी.

“चार दिवस झाले, ताप उतरायचं नाव घेत नाही. आणि मावशी, पुराचा चिखल तर मी पहिल्या आठवड्यातच खरवडून काढला. घर लख्ख आहे.”

“चिखलाचं सोड. पाणी साठवलंयस?”

“साठवणारच ना! नळाला अजून गढूळ येतंय. टँकरचं पिंपभर ठेवलंय. अगदी स्वच्छ, तळ दिसतो.”

“त्यांना स्वच्छच लागतं, बाई. पिंपात काही वळवळताना दिसलं?”

“ते होय! हिने मासे म्हणून बरणीत धरून ठेवलेत. पुरात हिची सगळी खेळणी वाहून गेली, म्हटलं खेळू दे. बिस्किटाचा चुरा घालते त्यांना.”

“बरणीला झाकण?”

“नाही लावू देत. गुदमरतील म्हणते.”

“मग, आहेत अजून?”

“कुठले! पंधरा दिवसांपूर्वी सकाळी बघते तर बरणी रिकामी. मेले म्हणून इतकी रडली, शेवटी मीच पिंपातून दुसरे काढून दिले.”

“मेले नाहीत गं ते. पंख फुटले त्यांना.”

“म्हणजे?”

“बरणी असते कुठे?”

“हिच्या उशाशी.”

“आत्ता तिथे कोण आहे?”

“कोणी नाही. म्हणजे, धाकटी. सासूबाईंनी एव्हाना तिला तिथेच निजवलं असेल... मावशी, हिला धरा. जरा हिला धरा!”