टीव्हीवरचा राजकुमार

“आपल्या पोरात काही कमी दिसून राहिलं काय तिले? रोज टीव्हीवर राजकुमार पाहून राहिली.” स्वयंपाकघरात सासूबाई हळू आवाजात सासऱ्यांना सांगत होत्या, आणि मी रिकामे कप घेऊन दाराबाहेर उभी. सासरे नुसतं “हूं” म्हणाले. ते “हूं” मला जरा लांबलेलं वाटलं.

नाताळचे ते राजवाड्यातले सिनेमे मी खरंच बघते. बेकरीतली पोरगी, ओळख लपवलेला राजकुमार, भरपूर बर्फ. बघताना लाजही वाटते आणि सोडवतही नाही. पण मी बघते फोनवर, खोलीचं दार लावून. लग्न होऊन या घरात आल्यापासून टीव्हीला मी हातसुद्धा लावलेला नाही. नवरा क्रिकेटपलीकडे जात नाही. मग सासूबाईंना टीव्हीवर रोज अर्धवट पाहिलेला दिसतो, तो सिनेमा कोणाचा?

संध्याकाळी चहाला सासूबाईंनी माझ्याकडे बघत विषय काढलाच. “कोण पाहते असलं? ते केकवाली काय, तो राजकुमार काय. लग्न ठरलं म्हणून बर्फात नाचून राहिले.”

“लग्न कुठं ठरलं वं?” सासरे बशीत फुंकर घालत म्हणाले. “राणी नाही म्हणून राहिली ना अजून.”

नवऱ्याचं बिस्कीट चहात पडलं.

“तुम्हाले कसं माहीत?” सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली आणि केविलवाणं माझ्याकडे पाहिलं.

“राणी शेवटी हो म्हणते, बाबा,” मी म्हणाले. “सगळ्याच सिनेमांत म्हणते.”