सलीमचे रिकामे हात

आमच्या सलीमचं ऐका. रत्नागिरीचा माणूस, आधी गोव्यात कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटायचा. तिथे टेबलावरून उठताना टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवायचे, म्हणजे काही ढापलं नाही हे कळतं. आता जेद्दात अत्तराच्या दुकानात आहे, पण सवय काही जाईना. एकदा मालकानं, म्हणजे कफीलनं, पाहिलं.

"हे काय?"

इथे जुगाराचं नाव काढलं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, थेट घरी. सलीम म्हणाला, "हात रिकामे आहेत हे दाखवतो. बोटीवर शिकलो."

"बोटीवर सगळेच दाखवतात?"

"दाखवावंच लागतं."

कफील गल्ल्यावर बसलेल्या आपल्या जावयाकडे बघत म्हणाला, "माशाल्लाह! याला पाठवू या तिकडे, महिनाभर."